विश्लेषण : घोडेस्वार मस्तानीची कबर पाबळमध्ये का आहे?

पुण्यात कोणी ‘मस्तानी’ मागितली की आईस्क्रीम घातलेला दुधाचा ग्लास समोर येतो. पुण्यापासून साधारण 60 किलोमीटरवर, शिरूर तालुक्यातल्या पाबळमध्ये मात्र मस्तानी म्हणजे भिंतीच्या आवारातली एक साधी कबर. गावात कोणी तिला समाधी म्हणते, कोणी मजार. ‘बाजीराव मस्तानी’ हा चित्रपट 2015 मध्ये आल्यानंतर तिचे नाव पुन्हा घराघरांत गेले. पण तिचे आयुष्य नेमके कसे होते आणि शनिवारवाडा सोडून तिला पाबळची माती का मिळाली?

मस्तानी पुण्यात कशी आली?

गोष्ट सुरू होते बुंदेलखंडात. मोगल सरदार मोहम्मद खान बंगश याने महाराजा छत्रसाल यांना कोंडीत पकडले होते. छत्रसाल तेव्हा ऐंशीच्या घरात होते. त्यांनी बाजीराव पेशव्यांकडे मदत मागितली आणि 1729 च्या मार्चमध्ये मराठी फौज बुंदेलखंडात उतरली. जैतपूरला उलट बंगशच वेढ्यात अडकला आणि अखेर माघार घेऊन निघून गेला. छत्रसालांनी बाजीरावांना मुलगा मानून राज्याचा तिसरा हिस्सा देऊ केला. मस्तानी ही छत्रसालांची मुस्लिम स्त्रीपासून झालेली मुलगी, असे परंपरा सांगते. याच सुमारास ती बाजीरावांच्या आयुष्यात आली.

पेशवे दफ्तरात तिचा उल्लेख कलावंतीण म्हणून येतो. ‘तारीख-इ-मुहम्मदशाही’ हा फारसी ग्रंथही तिला नर्तकीच म्हणतो, पण तिथेच थांबत नाही. घोड्यावर बसण्यात, तलवार आणि भाला चालवण्यात ती तरबेज होती, मोहिमांत बाजीरावांच्या रिकिबीला रिकीब लावून दौडत असे, असे तो नोंदवतो. चाळीस-पन्नास मैलांची मजल मारणाऱ्या बाजीरावांच्या फौजेबरोबर राहणे ही पालखीत बसून जमणारी गोष्ट नव्हती. आपल्याकडे मस्तानीचा नाच आधी आठवतो, घोडा नंतर. हा क्रम उलटा असायला हरकत नाही.

वाड्यात जागा, घरात नाही

शनिवारवाड्याची पायाभरणी 10 जानेवारी 1730 ला झाली आणि वास्तुशांत 22 जानेवारी 1732 ला. वाड्यात मस्तानीसाठी वेगळा महाल होता, तटात तिच्या नावाचा दरवाजा होता. कोथरूडलाही तिच्यासाठी महाल बांधला गेला. त्याचे अवशेष आज पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात पाहायला मिळतात. 1734 मध्ये तिला मुलगा झाला, समशेर बहादूर.

बाजीरावांनी पाबळ, केंदूर आणि लोणी ही गावे तिला इनाम दिली. इनाम म्हणजे त्या गावांचा महसूल तिच्या खर्चासाठी. पाबळशी तिचे नाते जडले ते असे, कागदोपत्री आणि रोख.

पेशव्यांच्या कुटुंबाने मात्र तिला कधी आपले मानले नाही. 1739 च्या अखेरीस गोष्टी हातघाईवर आल्या. घरात रघुनाथरावांची मुंज आणि सदाशिवरावांचे लग्न ठरले होते आणि मस्तानी प्रकरणामुळे धर्मकार्यात अडचण उभी राहिली. तिच्यावर पहारा बसला. त्या नोव्हेंबरमध्ये बाजीराव पाटसला, म्हणजे आजच्या दौंड तालुक्यात, मुक्कामाला होते. मस्तानी पहाऱ्यातून निसटली आणि थेट पाटसला पोहोचली. आज पुणे-सोलापूर महामार्गाने हे अंतर साधारण 60 किलोमीटर भरते. तिच्या आयुष्यातली ही सर्वांत धाडसी दौड, आणि ती कोणत्याही रणांगणावर झाली नाही.

पुण्याहून कारभारी मंडळी मागोमाग पाटसला गेली. समजूत घालून, दडपण आणून तिला परत पाठवायला लावले गेले. बाजीराव नासिरजंगावरच्या मोहिमेला निघाले आणि जानेवारी 1740 मध्ये नानासाहेबांनी तिला पर्वतीच्या बागेत कैदेत ठेवले. नानासाहेब तेव्हा एकोणीस वर्षांचे होते. काका चिमाजी अप्पांना हे सारे ठाऊक होते. छत्रपती शाहू महाराजांना मात्र जबरदस्ती पसंत नव्हती. बाजीरावांचे मन दुखावू नये, असे त्यांचे मत होते. ते कोणी फारसे मनावर घेतले नाही.

मृत्यू कसा झाला?

नासिरजंगाशी तह झाला, पण बाजीराव पुण्याला परतलेच नाहीत. 28 एप्रिल 1740 ला नर्मदाकाठी रावेरखेडी येथे तापाने त्यांचा मृत्यू झाला. वय अवघे 39. त्यानंतर थोड्याच दिवसांत मस्तानीही गेली. अंगठीतला हिरा गिळला, विष घेतले, चितेत उडी घेतली, अशा कथा पुढे पसरल्या. त्यांपैकी एकीलाही समकालीन कागदाचा आधार नाही, आणि चितेची कथा तर पाबळच्या कबरीशीच जुळत नाही. शहराने तिला सामावून घेतले नव्हते. दफन झाले ते तिच्या इनामाच्या गावात.

मागे काय उरले?

समशेर तेव्हा सहा वर्षांचा होता. त्याला मात्र पेशवे कुटुंबानेच वाढवले आणि बुंदेलखंडातला मुलूख दिला. ज्या नानासाहेबांनी आईला कैद केले, त्यांच्याच कारकिर्दीत मुलगा सरदार झाला. 1761 मध्ये तो पानिपतावर लढला आणि जखमी अवस्थेत सूरजमल जाटाच्या मुलखात पोहोचून तिथेच मरण पावला. वय 27. त्याचा मुलगा अली बहादूर याने बुंदेलखंडात सत्ता उभी केली आणि 1802 मध्ये कालिंजरच्या वेढ्यादरम्यान तो वारला. हेच पुढे बांद्याचे नवाब. या घराण्यातला दुसरा अली बहादूर 1857 मध्ये इंग्रजांविरुद्ध उठला, नवाबी गमावून बसला आणि उरलेले आयुष्य त्याला इंदूरला काढावे लागले.

म्हणजे ज्या मुलखातून मस्तानी आली, तिथे तिच्या वंशाने तीन पिढ्यांहून अधिक काळ पाय रोवले. पुण्याच्या बाजूला दिवे घाटाच्या पायथ्याशी तिच्या नावाचा तलाव आहे, आणि पाबळला ती कबर. शिक्रापूरहून जाताना वाटेत केंदूर लागते. तेही तिच्याच इनामातले गाव.