आपली चूक शोधणारा शल्यविशारद

माझी मावशी रोज सकाळी चहाच्या आधी एक बारीकशी गोळी घेते. तिच्या गळ्यातील थायरॉईड ग्रंथी शस्त्रक्रियेने काढलेली आहे. गोळी चुकवायची नाही, अशी डॉक्टरांची सक्त ताकीद आहे. मी कलाशाखेचा विद्यार्थी. शरीरशास्त्राशी माझा संबंध शाळेतच संपला. पण या गोळीमागची हकीकत शोधताना मला थिओडोर कोखर भेटले आणि त्यांनी मनात घर केले.

ही ग्रंथी स्वरयंत्राच्या खाली, श्वासनळीला बिलगून असते. फुलपाखराच्या पंखांसारखे दोन भाग आणि त्यांना जोडणारी मधली अरुंद पट्टी, एवढाच तिचा पसारा. लाळेच्या ग्रंथीला स्राव वाहून नेणारी नळी असते. हिला ती नसते. हिच्यातील सूक्ष्म पिशव्यांत तयार होणारा स्राव थेट रक्तात मिसळतो आणि शरीराची वाढ, उष्णता व बुद्धीची तरतरी सांभाळतो. त्यासाठी आयोडीन लागते. अन्नपाण्यातून ते पुरेसे मिळाले नाही, की ग्रंथी फुगते. त्यालाच आपण गलगंड म्हणतो.

कोखर यांचा जन्म २५ ऑगस्ट १८४१ रोजी स्वित्झर्लंडमधील बर्न येथे झाला. आल्प्सच्या खोऱ्यांत आयोडीनची वाण, त्यामुळे गावोगावी गलगंडाचे रोगी. १८७२ साली, वयाच्या ३१ व्या वर्षी, ते बर्न विद्यापीठात शल्यशास्त्राचे प्राध्यापक झाले. त्या काळी गलगंड कापणे म्हणजे मृत्यूशी गाठ. रक्तस्रावाने आणि जंतुसंसर्गाने रोगी दगावत. कोखर मुळीच घाई करीत नसत. एकेक रक्तवाहिनी बांधून, निर्जंतुकतेची काळजी घेऊन ते ग्रंथी सफाईने संपूर्ण बाहेर काढीत. त्यांचे नाव दूरवर पसरले.

१८७४ साली त्यांनी ११ वर्षांच्या एका मुलीची ग्रंथी अशीच काढली. जखम भरली, मुलगी घरी गेली. पुढे तिच्या गावच्या डॉक्टरांनी कळवले, की मुलगी पार बदलली आहे. १८८२ मध्ये जिनिव्हाचे शल्यविशारद रेव्हर्दाँ यांनीही आपल्या रोग्यांबाबत असाच अनुभव त्यांच्या कानावर घातला.

इथे कोखर गप्प बसू शकले असते. त्यांनी आपल्या जुन्या रोग्यांना तपासणीसाठी परत बोलावले. संपूर्ण ग्रंथी काढलेल्यांपैकी १८ जण तपासता आले. त्यांतील १६ जण मंद, सुजलेले, थंडीने गारठलेले असे आढळले. ती मुलगीही आली. पूर्वी धाकट्या बहिणीत आणि तिच्यात लोकांची गल्लत होई. आता बहीण वयात आलेली देखणी तरुणी होती आणि ही मात्र खुजी, मतिमंद राहिली होती.

एप्रिल १८८३ मध्ये बर्लिनला जर्मन शल्यविशारदांच्या परिषदेत कोखर यांनी हे सारे उघडपणे मांडले. साध्या गलगंडासाठी संपूर्ण ग्रंथी काढणे त्यांनी थांबवले. थोडा भाग ते मुद्दाम ठेवू लागले. दैवाचा खेळ असा, की त्यांचा हात जितका सफाईदार, तितके रोग्याचे नुकसान अधिक! धसमुसळ्या हातांनी निदान ग्रंथीचा एखादा तुकडा मागे राहत असे. या दुखण्याचे कारण सांगताना मात्र ते चुकले. दोष श्वासनळीचा असावा, असे त्यांना आधी वाटले. ग्रंथीच्या अभावाचाच हा परिणाम, हे पुढे सिद्ध झाले. १८९१ साली इंग्लंडमध्ये जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या ग्रंथीचा अर्क टोचून असा रोगी सुधारून दाखवला. मावशीच्या गोळीचे मूळ तिथे आहे.

कोखर यांनी हयातीत गलगंडाच्या सुमारे ५००० शस्त्रक्रिया केल्या. अखेरीस मृत्यूचे प्रमाण शेकडा एकाच्याही खाली आले. १९०९ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. हा मान मिळवणारे ते पहिले शल्यविशारद. २७ जुलै १९१७ रोजी बर्नमध्येच त्यांचे निधन झाले.

पण मला थोर वाटतो तो नोबेलचा दिवस नव्हे. ज्या दिवशी त्या दोन बहिणी त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या आणि त्यांनी नजर वळवली नाही, तो दिवस थोर. त्या मुलीला कोणी तिचे हरवलेले आयुष्य परत देऊ शकले नाही. परंतु तिच्यामुळे जग शहाणे झाले. मावशी सकाळी गोळीसाठी पाण्याचा पेला उचलते, तेव्हा मला बर्नच्या त्या अनाम मुलीची आठवण होते.