पानं आली मधुमेहासाठी, औषध सापडलं कॅन्सरवर : सदाफुलीमागचे रॉबर्ट नोबल

सदाफुली आपल्याकडे अंगणात, कुंडीत, अगदी गटाराच्या कडेलाही उगवते. पण तिच्या पानांतून कॅन्सरचं औषध निघालं ते कॅनडात, आणि तेही चुकून.

रॉबर्ट लँग नोबल यांचा जन्म १९१० चा, टोरोंटोचा. थोरले भाऊ क्लार्क इन्सुलिनच्या इतिहासात एका नाणेफेकीमुळे ओळखले जातात. १९२१ मध्ये फ्रेडरिक बँटिंग यांच्या हाताखाली आधी कुणी काम करायचं, यासाठी क्लार्क आणि चार्ल्स बेस्ट यांनी नाणं उडवलं. क्लार्क हरले, बेस्ट जगप्रसिद्ध झाले.

१९५२ मध्ये जमैकातल्या एका डॉक्टरने क्लार्क यांना टपालाने सदाफुलीची पानं पाठवली. तिथले लोक मधुमेहावर या पानांचा चहा प्यायचे. क्लार्क यांनी ती पानं वेस्टर्न ऑन्टॅरियो विद्यापीठात संशोधन करणाऱ्या धाकट्या भावाकडे दिली.

नोबल यांनी उंदरांना अर्क पाजला. साखर काही हलली नाही. इथे कुणीही फाईल बंद केली असती. त्यांनी तोच अर्क इंजेक्शनने शिरेत दिला, तर साधारण आठवडाभरात उंदीर जंतुसंसर्गाने मेले. का मेले, हे त्यांनी तपासलं. उंदरांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटल्या होत्या, त्या जिथे तयार होतात ती अस्थिमज्जाच मंदावली होती.

मग प्रश्नच बदलला. जे पांढऱ्या पेशी कमी करतं, ते त्या बेसुमार वाढवणाऱ्या ल्युकेमियावर चालेल का?

१९५४ मध्ये रसायनतज्ज्ञ चार्ल्स बीअर सोबत आले. अर्कातला नेमका घटक वेगळा करायला चार वर्षं गेली. १९५८ मध्ये न्यूयॉर्कमध्ये दोघांनी तो जाहीर केला. त्याच वेळी एली लिली कंपनीही सदाफुलीवर काम करत होती. हा घटक म्हणजे विनब्लास्टिन. तो पेशींचं विभाजन थांबवतो. हॉजकिन लिम्फोमा आणि वृषणाच्या कॅन्सरवर तो वापरला गेला.

पण एक ग्रॅम विनब्लास्टिनसाठी सुमारे ५०० किलो वाळलेली पानं लागतात. शिवाय पांढऱ्या पेशी घटण्याचा धोका माणसांनाही असतो. हे औषध शरीरात मोडायचं काम यकृत करतं, म्हणून यकृत कमजोर असलेल्या रुग्णाला डोस कमी देतात. उपाशीपोटी चार पानं चावायला सांगणाऱ्या व्हॉट्सअॅप फॉरवर्डमध्ये ना डोस असतो, ना रक्ततपासणी.

नोबल पुढे व्हँकुव्हरला गेले आणि तिथे कॅन्सरवरच संशोधन करत राहिले. १९९० मध्ये त्यांचं निधन झालं. सात वर्षांनी कॅनडाच्या मेडिकल हॉल ऑफ फेममध्ये त्यांची निवड झाली, बीअर यांच्यासोबतच.