आंग्ल कादंबरीकर्त्री जेन ऑस्टेन

इंग्लंडातील हॅम्पशायर परगण्यात स्टिव्हन्टन या खेड्यी १६ डिसेंबर १७७५ रोजी जेन ऑस्टेन यांचा जन्म झाला. वडील धर्मोपदेशक, मिळकत बेताची, म्हणून घरी विद्यार्थी ठेवून शिकवीत. कन्येच्या लेखनाचे त्यांना मोठे कौतुक. १७९७ साली तिच्या कादंबरीसंबंधी त्यांनी लंडनच्या कॅडेल या प्रकाशकांस पत्र लिहिले. हस्तलिखित न पाहताच उलट टपाली नकार आला.

पुढे १८०३ साली क्रॉस्बी यांनी दुसरी कादंबरी १० पौंडांस घेतली. परंतु छापली नाही. १८०५ साली पितृछत्र हरपले आणि मायलेकी भावांच्या आधारावर राहू लागल्या. १८०९ मध्ये जेनबाईंनी टोपणनावाने विचारणा केली, तेव्हा तेच १० पौंड भरून हस्तलिखित न्यावे, असे कोरडे उत्तर मिळाले.

तथापि त्यांनी लेखणी खाली ठेवली नाही. १८११ साली तोट्याची जोखीम स्वतः पत्करून त्यांनी पहिले पुस्तक काढले. त्यात १४० पौंड लाभ झाला. १८१३ साली 'प्राइड अँड प्रेज्युडिस' निघाली. प्रथम नाकारली गेली ती हीच, असे अभ्यासक मानतात. क्रॉस्बींकडील हस्तलिखित बंधू हेन्री यांनी १८१६ साली सोडविले. पण ते छापून येण्यापूर्वीच, १८ जुलै १८१७ रोजी, जेनबाई निवर्तल्या. हयातीत एकाही पुस्तकावर त्यांचे नाव नव्हते. आज ते जगाच्या मुखी आहे.

आपल्या घरातील एखादी मुलगी वहीत काही लिहीत असेल, तर तिच्या पित्याने जॉर्ज ऑस्टेन यांचे स्मरण ठेवावे.