अणुयुगाचा कारभारी

स्वतंत्र भारताच्या पहिल्या दोन दशकांत निवडणूक न लढवता, मंत्रिपद न भूषवता राष्ट्राच्या धोरणावर खोल ठसा उमटवणाऱ्या व्यक्तींची यादी केली, तर डॉ. होमी जहांगीर भाभा यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. भारतीय अणुऊर्जेचे जनक म्हणून पाठ्यपुस्तकांनी त्यांना केव्हाच अजरामर केले आहे. परंतु पाठ्यपुस्तकातील भाभा आणि प्रत्यक्षातील भाभा यांत बरेच अंतर आहे. प्रत्यक्षातील भाभा हे शास्त्रज्ञ होते, चित्रकार होते आणि त्याचबरोबर एका नव्या प्रकारच्या सत्तेचे धनीही होते. ज्या विषयाचे ज्ञान मूठभरांपाशीच असते, त्याचा कारभार लोकशाहीने कोणाच्या हाती आणि किती विश्वासाने सोपवावा, हा आजही न सुटलेला प्रश्न त्यांच्या आयुष्याने प्रथम आपल्यापुढे ठेवला.

भाभांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईतील एका सुविद्य पारशी कुटुंबात झाला. वडील जहांगीर होर्मुसजी भाभा बॅरिस्टर, तर आत्या मेहेरबाई या सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी. घरात पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या ध्वनिमुद्रिका आणि कलेवरील ग्रंथ यांचा मोठा संग्रह होता. टाटांच्या घरी जाणेयेणे असल्याने उद्योग आणि राजकारण यांतील मोठ्या माणसांचे बोलणे लहानपणापासून कानावर पडत होते. कॅथीड्रल शाळेत शिकत असतानाच होमी चित्रकार जहांगीर लालकाका यांच्याकडे चित्रकलेचे धडे घेत होते. पुढे सत्तेच्या दालनात आणि चित्रकारांच्या कलादालनात ते सारख्याच सहजतेने वावरले, त्याचे मूळ या बालपणात आहे.

१९२७ मध्ये ते केंब्रिजला गेले, ते यंत्र अभियंता होण्यासाठी. शिक्षण पूर्ण करून मुलाने जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात रुजू व्हावे, अशी वडिलांची इच्छा होती. मुलाचे मन मात्र भौतिकशास्त्रात गुंतले होते. अखेर पितापुत्रांत तडजोड झाली. अभियांत्रिकीत प्रथम वर्ग मिळवला, तर गणित शिकण्यास वडिलांची हरकत राहणार नव्हती. १९३० मध्ये तो मिळाला आणि टाटांच्या कारखान्याने एक अभियंता गमावला. त्यानंतरचे दशक भौतिकशास्त्राच्या इतिहासात झळाळते होते आणि भाभा त्याच्या केंद्रस्थानी, कॅव्हेंडिश प्रयोगशाळेच्या वर्तुळात वावरत होते. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन एकमेकांवर आदळून कसे विखुरतात, याचे त्यांनी मांडलेले गणित आजही त्यांच्याच नावाने ओळखले जाते. १९३७ मध्ये वॉल्टर हाइटलर यांच्यासह त्यांनी विश्वकिरणांच्या वर्षावाची उपपत्ती मांडली. केंब्रिजच्या याच वर्षांत त्यांनी चित्रे काढली आणि नेपथ्याची आरेखनेही केली.

१९३९ मध्ये ते सुट्टीसाठी मायदेशी आले, तोच युरोपात युद्ध भडकले आणि परतीची वाट बंद झाली. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांच्या विभागात ते रुजू झाले. १९४१ मध्ये, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. युद्ध संपताच परदेशी परतावे हा सुरुवातीचा विचार मात्र बंगळूरच्या मुक्कामात मागे पडला. १२ मार्च १९४४ रोजी त्यांनी सर दोराबजी टाटा न्यासाला पत्र लिहून मूलभूत संशोधनाची एक संस्था उभारण्याचा प्रस्ताव मांडला. दोन-एक दशकांत अणुशक्तीपासून वीज निर्माण होऊ लागेल, तेव्हा तज्ज्ञांसाठी भारताला परदेशाकडे पाहावे लागू नये, असा त्यांचा युक्तिवाद होता. हिरोशिमावर बॉम्ब पडण्याच्या जवळजवळ दीड वर्ष आधीचे हे पत्र आहे! १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था बंगळुरात सुरू झाली आणि वर्षअखेरीस मुंबईत पेडर रोडवरील केनिलवर्थ या बंगल्यात आली. याच घरात भाभांचा जन्म झाला होता.

स्वातंत्र्यानंतर त्यांची पंडित नेहरूंशी असलेली मैत्री निर्णायक ठरली. पत्रांत ते नेहरूंना भाई म्हणून संबोधत. एप्रिल १९४८ मध्ये अणुऊर्जा विधेयक घटना समितीपुढे आले, तेव्हा म्हैसूरचे एस. व्ही. कृष्णमूर्ती राव यांनी एक मूलभूत आक्षेप घेतला. ब्रिटनच्या कायद्यात गुप्ततेचे बंधन संरक्षणविषयक कामापुरते होते, मग भारताने शांततामय संशोधनावरही तो पडदा का टाकावा? शांततामय उपयोग आणि संरक्षण यांत रेषा आखणे अवघड आहे, अशी नेहरूंना कबुली द्यावी लागली. विधेयक मात्र संमत झाले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अणुऊर्जा आयोग स्थापन झाला. अध्यक्ष भाभा आणि सदस्य के. एस. कृष्णन व शांतिस्वरूप भटनागर असा हा तिघांचा आयोग होता.

१९५४ मध्ये स्वतंत्र अणुऊर्जा विभाग निर्माण झाला. तो थेट पंतप्रधानांच्या अखत्यारीत होता, त्याचे सचिव भाभा होते आणि मुख्य कार्यालय दिल्लीऐवजी मुंबईत होते. १९५८ च्या सरकारी ठरावाने ही घडी पक्की केली. विभागाचा सचिव हाच आयोगाचा अध्यक्ष आणि अध्यक्षाला इतर सदस्यांचे मत डावलण्याचा अधिकार! केवळ अर्थविषयक सदस्याला, मतभेद झाल्यास, आर्थिक बाब पंतप्रधान व अर्थमंत्र्यांकडे नेण्याची मुभा होती. थोडक्यात, धोरण सुचवणारा, ते मंजूर करणारा, राबवणारा आणि त्याचे मूल्यमापन करणारा बहुतांशी एकच माणूस होता. लालफितीत विज्ञान गुदमरते, याची भाभांना खात्री होती आणि त्यात तथ्यही होते. त्यांनी लालफीत कापली. तिच्यासोबत देखरेखीचे धागेही कापले गेले.

या मोकळिकीतून जे उभे राहिले, ते थक्क करणारे आहे. ट्रॉम्बेच्या डोंगरपायथ्याशी ४ ऑगस्ट १९५६ रोजी अप्सरा ही अणुभट्टी कार्यान्वित झाली. इंधन ब्रिटनचे होते, पण आराखडा व उभारणी भारतीय शास्त्रज्ञ-अभियंत्यांची होती. १९५७ मध्ये तेथे सुरू झालेल्या प्रशिक्षण विद्यालयाने पुढील पिढ्यांना मनुष्यबळ पुरवले. टाटा संस्थेत देशी बनावटीचा टिफ्रॅक हा संगणक १९६० मध्ये पूर्ण झाला. अणुशक्तीच्या शांततामय उपयोगांवर १९५५ मध्ये जिनिव्हा येथे भरलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या परिषदेचे अध्यक्षस्थान भाभांनी भूषवले. अवकाश संशोधनाचे पहिले रोपटेही त्यांच्याच विभागाच्या छायेत रुजले आणि विक्रम साराभाईंनी ते वाढवले. प्रयोगशाळेच्या आवारातील झाडे तोडण्याऐवजी मुळासकट हलवून दुसरीकडे लावण्याचा त्यांचा आग्रह असे. माणसे निवडावीत, मग त्यांच्याभोवती संस्था उभारावी, ही त्यांची रीत होती.

पण या मोकळिकीला त्याच काळात आव्हान देणारी माणसेही होती. खगोलभौतिकीतील अग्रगण्य संशोधक मेघनाद साहा १९५२ मध्ये कलकत्त्याहून अपक्ष म्हणून लोकसभेवर निवडून आले. अणुसंशोधनाचा पाया विद्यापीठांत रुंद करावा आणि गुप्ततेचा पडदा दूर करावा, असे ते संसदेत पोटतिडकीने मांडत राहिले. सभागृहात या विषयावर शास्त्रीय अधिकाराने बोलू शकणारा बहुधा तो एकच आवाज होता. १९५६ मध्ये साहांचे निधन झाले आणि तो आवाज थांबला.

दुसरे आव्हान घरातलेच होते. धर्मानंद कोसंबींचे पुत्र, गणितज्ञ आणि इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबी यांना भाभांनीच टाटा संस्थेत आणले होते. ते पुण्यात राहत आणि डेक्कन क्वीनने मुंबईला जात-येत. सूर्य ज्या देशावर मुक्तहस्ते ऊर्जा उधळतो, त्या गरीब देशाने महागड्या अणुविजेमागे धावण्याऐवजी सौरऊर्जेवर संशोधन करावे, अशी भूमिका त्यांनी जाहीरपणे मांडली. १९६२ मध्ये संस्थेने त्यांचा करार पुढे चालवला नाही. त्यामागे त्यांच्या काही गणिती दाव्यांविषयीची नाराजीही होती, हे नमूद केले पाहिजे. तथापि अणुधोरणाला प्रश्न विचारणारा तज्ज्ञ त्यानंतर संस्थेच्या भिंतींआड उरला नाही, हे वास्तव शिल्लक राहते.

त्याच भिंतींवर भाभांनी आधुनिक भारतीय चित्रकलेला घर दिले. १९४७ मध्ये मुंबईत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन झाला, तेव्हा या तरुण चित्रकारांना विकत घेणारे रसिक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. रुडी फॉन लायडन, वॉल्टर लँगहॅमर, इमॅन्युएल श्लेसिंगर यांच्यासारखे युरोपातून आलेले काही जाणकार त्यांच्या पाठीशी उभे होते. भाभांनी या वर्तुळात पाऊल टाकले, ते एका सार्वजनिक संस्थेची थैली घेऊन. अंदाजपत्रकाचा एक टक्का भाग कलाकृतींवर खर्च करण्याची मुभा त्यांनी नेहरूंकडून मिळवली होती. प्रदर्शनांना ते स्वतः जात आणि स्वतःच्या नजरेने निवडत. हुसेन, आरा, गायतोंडे, तय्यब मेहता, कृष्णन खन्ना, हेब्बर, बी. प्रभा अशा चित्रकारांची कामे, त्यांचे नाव बाजारात चलनी होण्याआधीच संस्थेत आली. कुलाब्याच्या समुद्रकाठी १९६२ मध्ये नेहरूंच्या हस्ते उद्घाटन झालेल्या नव्या वास्तूसाठी भव्य भित्तिचित्र हवे होते. ते पिकासोकडून करून घेता येईल का, याची चाचपणी ब्रिटिश शास्त्रज्ञ जे. डी. बर्नाल यांच्यामार्फत झाली. ते जमले नाही. मग भारतीय चित्रकारांत स्पर्धा घेण्यात आली आणि पंढरपुरात जन्मलेल्या, एकेकाळी सिनेमाचे फलक रंगवणाऱ्या मकबूल फिदा हुसेन यांची निवड झाली. भारत भाग्य विधाता हे त्यांचे सुमारे ४५ फूट लांबीचे चित्र तेथे साकारले.

सरकारी कलाखरेदी समित्यांच्या संमतीने आणि सरासरी रुचीने होते. भाभांच्या संग्रहात सरासरी नाही. त्यात एका माणसाची धारदार दृष्टी आहे आणि म्हणूनच तो मोलाचा ठरला. मात्र हा संग्रह कडक पहाऱ्याच्या आवारात आहे. ज्या करदात्याच्या पैशातून त्यातील पुष्कळ चित्रे घेतली गेली, त्याला ती क्वचितच पाहायला मिळतात. तज्ज्ञाच्या हाती विश्वासाने सोपवलेल्या सत्तेचे गुण आणि दोष या एका संग्रहात शेजारीशेजारी टांगलेले दिसतात.

चित्रांच्या बाबतीत भाभांची नजर चुकली असती, तर फार तर एखादी भिंत बिघडली असती. अणुशक्तीच्या बाबतीत तसे नव्हते. १६ ऑक्टोबर १९६४ रोजी चीनने पहिला अणुस्फोट केला. नेहरू काही महिन्यांपूर्वीच निवर्तले होते आणि लालबहादूर शास्त्री पंतप्रधान होते. २४ ऑक्टोबरला भाभांनी आकाशवाणीवरून केलेल्या भाषणात अण्वस्त्रांच्या किमतीचा हिशेब मांडला. दहा किलोटन क्षमतेच्या स्फोटकाला सुमारे साडेसतरा लाख रुपये, तर दोन मेगाटनच्या स्फोटकाला सुमारे तीस लाख रुपये. भाषणाचा रोख निःशस्त्रीकरणाकडे होता, पण लोकांच्या आणि लोकप्रतिनिधींच्या मनात राहिले ते आकडे. वस्तुतः ते शांततामय स्फोटांसाठी अमेरिकेने जाहीर केलेल्या अंदाजांवर बेतलेले होते. अणुभट्टी, प्लुटोनियम वेगळे करण्याचा प्रकल्प आणि विमाने वा क्षेपणास्त्रे यांचा खर्च त्यात धरलेला नव्हता. बॉम्बच्या समर्थकांना त्या आकड्यांनी बळ दिले. शास्त्रीजींनी बॉम्बला नकार दिला, परंतु शांततामय स्फोटांच्या पूर्वतयारीची वाट मोकळी ठेवली. संसदेपाशी हे आकडे पडताळून पाहण्याची स्वतःची अशी यंत्रणाच नव्हती.

विजेच्या अंदाजांचीही तीच गत झाली. १९८० पर्यंत देशात ८,००० मेगावॅट अणुवीज निर्माण होईल, असे भाकीत भाभांनी केले होते. प्रत्यक्षात त्या सुमारास क्षमता जेमतेम ६०० मेगावॅटच्या आसपास होती. केरळच्या किनाऱ्यावरील वाळूत दडलेल्या थोरियमवर अखेरची भिस्त ठेवणारी त्यांची तीन टप्प्यांची योजना दूरदृष्टीची होती, यात शंका नाही. तिचा तिसरा टप्पा मात्र आजही वीज देण्यापर्यंत पोहोचलेला नाही. आंतरराष्ट्रीय निर्बंध, तंत्रज्ञानातील अडचणी आणि भांडवलाची चणचण ही कारणे खरीच आहेत. पण अंदाज चुकला, तर तो का चुकला, हे बाहेरून विचारणारी व्यवस्था नसणे, हेही एक कारण मानावे लागेल.

२४ जानेवारी १९६६ रोजी व्हिएन्नाला बैठकीसाठी निघालेल्या भाभांचे एअर इंडियाचे कांचनजंगा हे विमान माँ ब्लाँ शिखरावर आदळले. विमानातील सर्व ११७ जण मृत्युमुखी पडले. वैमानिक आणि जिनिव्हाचे नियंत्रण कक्ष यांच्यातील गैरसमजातून अपघात घडला, असा चौकशीचा निष्कर्ष होता. त्याभोवती रचलेल्या घातपाताच्या कथांना आजवर भक्कम पुरावा मिळालेला नाही. त्याच दिवशी दिल्लीत इंदिरा गांधींचा पंतप्रधान म्हणून शपथविधी होता. भाभा अवघे छप्पन्न वर्षांचे होते. ते अविवाहित होते. त्यांचा संसार म्हणजे त्यांच्या संस्थाच होत. पुढच्याच वर्षी ट्रॉम्बेच्या केंद्राला त्यांचे नाव देण्यात आले.

भाभांनी निर्माण केलेली व्यवस्था त्यांच्या मापाने शिवलेली होती. त्यांच्यापाशी नोबेलविजेत्यांशी बरोबरीने बोलणारी विद्वत्ता होती, पंतप्रधानांचा विश्वास होता आणि चित्रापुढे थबकणारी संवेदना होती. व्यक्ती गेली, पण आयोगाची रचना, गुप्ततेचा कायदा आणि प्रश्नांना बाहेर ठेवण्याची सवय मागे उरली, आणि ती पुढे अनेक दशके टिकली. आता ऊर्जेपासून संगणकीय यंत्रबुद्धीपर्यंतचे निर्णय पुन्हा मूठभर जाणकारांच्या हाती एकवटत आहेत. अशा वेळी भाभांसारख्या तज्ज्ञांची देशाला गरज आहे, हे सारेच मान्य करतील. त्यांच्यासमोर उभे राहून त्यांच्याच भाषेत हिशेब मागणाऱ्या साहा आणि कोसंबींचीही तितकीच गरज आहे. पहिल्यांना आपण संस्था, निधी आणि पुरस्कार दिले. दुसऱ्यांसाठी लोकशाहीत हक्काची जागा निर्माण करणे अद्याप बाकी आहे.