काकापोंचा रखवालदार

न्यूझीलंड या द्वीपदेशात काकापो नावाचा एक विलक्षण पोपट आहे. त्याचा रंग हिरवा. परंतु त्याला उडता येत नाही. दिवसा तो झुडपांच्या आडोशाला निजतो आणि रात्री पायी हिंडून पाला, मुळे व फळे खातो. त्याचे वजन चार किलोपर्यंत भरते. त्याचे पूर्वज इतर पोपटांपासून कोट्यवधी वर्षांपूर्वीच वेगळे झाले. आज त्याच्या जवळच्या नात्यातले म्हणावेत असे पक्षी दोन प्रकारचेच उरले आहेत, ते म्हणजे किआ आणि काका. काकापो नष्ट झाला, तर त्याची जागा घेईल असा दुसरा पक्षी पृथ्वीवर नाही. हे ज्यांनी फार लवकर ओळखले, त्या रिचर्ड हेन्री यांची ही हकिकत आहे.

हेन्री यांचा जन्म १८४५ साली आयर्लंडमध्ये झाला. त्यांचे बालपण ऑस्ट्रेलियात गेले. पुढे ते न्यूझीलंडला आले आणि १८८३ पासून टे अनाऊ सरोवराच्या काठी राहू लागले. ते कोणी पदवीधर शास्त्रज्ञ नव्हते. मिळेल ते काम करावे आणि उरलेला वेळ रानात पक्षी पाहण्यात घालवावा, असा त्यांचा क्रम होता. काकापो दरवर्षी अंडी घालत नाहीत, ही गोष्ट त्यांनी अशाच निरीक्षणातून ताडली.

त्याच सुमारास एक अरिष्ट ओढवले. वसाहतवाल्यांनी आणलेले ससे अतोनात वाढून मेंढ्यांचे गवत फस्त करू लागले होते. सशांच्या बंदोबस्तासाठी सरकारने स्टोट, फेरेट व वीझल हे प्राणी रानात सोडले. आपल्याकडील मुंगसाप्रमाणे लांबट, चपळ आणि शिकारीत तरबेज असे हे प्राणी. रोगापेक्षा औषध जालीम ठरले! या देशात पूर्वी वटवाघळांखेरीज जमिनीवरचा एकही सस्तन प्राणी नव्हता. काकापोला भय ठाऊक होते ते आकाशातील शिकारी पक्ष्यांचे. संकट दिसताच तो जागच्या जागी स्तब्ध होई. गरुडाची नजर त्यामुळे चुके. परंतु वासाच्या मागावर येणाऱ्या स्टोटापुढे ही युक्ती काय कामाची? सरोवराकाठचे पक्षी वर्षागणिक विरळ होत चालल्याचे हेन्री यांना दिसले.

डस्की साउंड या दुर्गम खाडीच्या मुखाशी रेझोल्यूशन नावाचे मोठे बेट आहे. १८९१ साली ते पक्ष्यांसाठी राखून ठेवण्यात आले आणि १८९४ साली हेन्री यांची तेथे रखवालदार म्हणून नेमणूक झाली. जवळच्या पिजन बेटावर त्यांनी घर बांधले. सतत कोसळणारा पाऊस, चावऱ्या माश्यांचे थवे आणि महिनोन्‌महिने माणसाचे दर्शन नाही, असे ते ठिकाण. तेथून ते लहानशा नावेने मुख्य भूमीवर जात. कुत्र्याच्या तोंडाला मुसकी बांधून त्याला पक्ष्यांच्या मागावर सोडत. पक्षी सापडला, की त्याला हळूच धरून नावेतून बेटावर पोचवीत. अशा रीतीने सहा वर्षांत त्यांनी पाचशेंहून अधिक काकापो व किवी पक्षी हलविले.

१९०० साली काही प्रवाशांनी बेटावर वीझलसारखा प्राणी पाहिल्याची वार्ता आली. हेन्री यांनी सापळे लावले. त्याच वर्षी तो प्राणी त्यांच्याही दृष्टीस पडला. स्टोटांना पोहता येते आणि बेट किनाऱ्यापासून फारसे दूर नव्हते. केलेले कष्ट पाण्यात गेले, हे त्या गृहस्थांना तेव्हाच कळून चुकले असावे. तरीही ते १९०८ पर्यंत तेथेच राहिले. न उडणाऱ्या पक्ष्यांच्या सवयींवरील त्यांचा ग्रंथ १९०३ साली प्रसिद्ध झाला. पुढे काही काळ त्यांनी कापिटी बेटाची राखण केली. १९२९ साली ऑकलंडमध्ये ते वारले, तेव्हा त्यांची आठवण फारशी कोणाला राहिली नव्हती.

काकापोंची संख्या मात्र घटतच गेली. १९७५ साली फिओर्डलंडच्या डोंगरांत एक वृद्ध नर सापडला. त्याचे नाव रिचर्ड हेन्री असे ठेवण्यात आले. त्याला सुरक्षित बेटावर नेले आणि १९९८ साली त्याला तीन पिल्ले झाली. २०१० साली तो मेला. १९९५ साली सगळे मिळून अवघे ५१ काकापो माहीत होते. २०२२ साली त्यांची संख्या अडीचशेच्या वर गेली. उपाय हेन्री यांचाच होता. फरक एवढाच, की आता बेटे आधी शिकारी प्राण्यांपासून मोकळी केली जातात आणि मगच पक्षी तेथे नेले जातात. त्या बेटांपैकी अँकर हे बेट डस्की साउंडमध्येच आहे. ज्या पाण्यावरून हेन्री आपली नाव वल्हवीत नेत असत, त्याच पाण्यालगतच्या रानात आज पुन्हा काकापो हिंडत आहेत.