मेहली मेहता आणि त्यांचा वाद्यवृंद

झुबीन मेहता हे नाव पुष्कळांनी ऐकले असेल. त्यांचे वडील मेहली मेहता मात्र आपल्याला फारसे ठाऊक नाहीत. २५ सप्टेंबर १९०८ रोजी मुंबईत एका पारशी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. व्हायोलिन ते मुख्यतः स्वतःच्या धडपडीने शिकले आणि १९३५ साली त्यांनी बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला.

चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारा एक माणूस नेमाने मिळवणेही सोपे नसते. सिम्फनीला तर साठ-सत्तर, कधी शंभरही वादक लागतात. एवढ्यांना दरमहा पगार कोण देणार? मेहलींनी मिळतील ती माणसे जमवली. त्यांत हौशी वादक होते, नौदलाच्या बँडमधले होते आणि आपले गोव्याचे ख्रिस्ती बांधवही होते. हे गोवेकर चर्चच्या शाळेत नोटेशन वाचायला शिकलेले. पोट मात्र हॉटेलांतल्या आणि सिनेमाच्या वाजवण्यावर भरायचे. पोट भरते तिथे आधी जावे लागते, त्यांना दोष कसा द्यावा? झुबीन सोळा वर्षांचे असतानाच या वाद्यवृंदाच्या तालमी घेऊ लागले होते.

अडचण एकट्या मुंबईची नव्हती. आपल्या शिरोली एमआयडीसीत सीएनसी मशीन आले आणि एका कामगाराच्या हातून कितीतरी जास्त जॉब निघू लागले. बीथोव्हनची सिम्फनी मात्र दोनशे वर्षांपूर्वी जितकी माणसे आणि जितका वेळ घेई, तितकाच आजही घेते. बाहेर पगार वाढले की वादकांचेही वाढवावे लागतात; काम मात्र तेवढेच. विल्यम बाउमोल व विल्यम बोवेन या अमेरिकन अर्थतज्ज्ञांनी १९६६ साली हे नीट मांडले. तिकिटांतून खर्च निघत नाही. तूट देणगीदारांनी, नाहीतर सरकारने भरायची.

१९४७ नंतर मुंबईतले बरेच युरोपियन मायदेशी परतले. त्यांच्याबरोबर श्रोतेही गेले. १९५५ साली मेहली स्वतः मँचेस्टरच्या हॅले वाद्यवृंदात गेले. मुंबईत स्वतःचा वाद्यवृंद चालवणारा हा माणूस वयाच्या सेहेचाळीस-सत्तेचाळीसाव्या वर्षी दुसऱ्याच्या हाताखाली वाजवू लागला. ही गोष्ट लहान नव्हे. १९५९ साली ते फिलाडेल्फियाला गेले. १९६४ साली लॉस एंजेलिसला त्यांनी तरुण वादकांसाठी अमेरिकन यूथ सिम्फनी सुरू केली आणि ती १९९८ पर्यंत सांभाळली. १९ ऑक्टोबर २००२ रोजी ते वारले.

मुंबईत २००६ साली एनसीपीएने सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया सुरू केला, तेव्हा बरेच वादक कझाकस्तानासारख्या देशांतून आणावे लागले. मेहलींची लॉस एंजेलिसची संस्था पैशाअभावी २०२४ साली बंद पडली.