रद्दीतून इतिहास उचलणारा

मैफलींची जुनी तिकिटे, नाटकांच्या जाहिराती, भित्तिपत्रके यांना आज हौशी संग्राहक चांगली किंमत मोजतात. सव्वाशे वर्षांपूर्वी मात्र पेशवाईतल्या अस्सल पत्रांना एकच हमखास गिऱ्हाईक होते, ते म्हणजे पुड्या बांधणारा वाणी. वाड्यांच्या माळ्यांवर मोडी दप्तरांना वाळवी लागत होती आणि उरलेसुरले कागद रद्दीत जात होते. ते वाचवण्यासाठी इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी जन्म वेचला. त्या जन्माची अखेर धुळ्यात झाली.

राजवाडे यांचा जन्म १८६३चा. पितृछत्र बालपणीच हरपले. पुण्यात पदवीपर्यंतचे शिक्षण झाले, काही काळ शिक्षकाची नोकरीही झाली. पत्नीच्या अकाली निधनानंतर त्यांनी पुन्हा संसार मांडला नाही आणि नोकरीतही मन रमवले नाही. त्यानंतर उरली ती भ्रमंती.

कुणा अनोळखी घरंदाज कुटुंबाच्या दारात उभे राहून दप्तर दाखवा म्हणणे सोपे नव्हते. कागद बाहेर गेला तर वतनाला धक्का लागेल, भाऊबंदांच्या हाती पुरावा जाईल, अशी भीती घरोघर होती. राजवाडे यांचा स्वभाव तर तापट! तरीही दप्तरे उघडली गेली. १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड निघाला. त्यात पानिपतपर्यंतच्या दशकातील पत्रे होती. पुढे या मालेचे बावीस खंड झाले.

जमवलेला कागद कपाटात मिरवण्यासाठी नाही, हे राजवाडे यांचे वेगळेपण. अनेक पत्रांवर चंद्र आणि महिना असे, साल नसे. मजकुरातील प्रसंगांवरून ते साल ठरवायचे, पत्राची नक्कल करायची, ते छापायचे आणि त्यावर दीर्घ प्रस्तावना लिहायची, असा हा खटाटोप होता. त्यांची कित्येक अनुमाने पुढच्या अभ्यासकांनी खोडून काढली. पण ती खोडता आली, कारण पुरावा त्यांनीच सर्वांसमोर मांडून ठेवला होता. हे सारे लेखन त्यांनी हट्टाने मराठीतच केले. इंग्रजीत लिहिले असते तर कीर्ती दूरवर गेली असती, हे त्यांना कळत नव्हते असे थोडेच आहे?

१९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाच्या स्थापनेत त्यांचा पुढाकार होता. मात्र सहकाऱ्यांशी मतभेद विकोपाला गेले आणि स्वतः उभ्या केलेल्या संस्थेपासून ते दुरावले. या दुराव्यात दोष एकाच बाजूचा होता, असे म्हणणे कठीण आहे. 

उत्तरायुष्यात खान्देशाने त्यांना आसरा दिला. धुळ्यात त्यांना भास्कर वामन भट यांच्यासारखे जिव्हाळ्याचे चाहते लाभले. आता ओढ शब्दांची होती. मराठी क्रियापदांची मुळे शोधणाऱ्या धातुकोशाचे काम चालू असतानाच ३१ डिसेंबर १९२६ रोजी त्यांचे निधन झाले.

मागे राहिले ते कागद, टिपणे आणि अपुरे ग्रंथ. ज्या माणसाने इतरांची दप्तरे वाचवली, त्याचेच दप्तर विखुरण्याची वेळ आली होती. धुळेकरांनी ती येऊ दिली नाही. १९२७ साली तेथे राजवाडे संशोधन मंडळ उभे राहिले. 'संशोधक' हे नियतकालिकही मंडळाने सुरू केले. धातुकोश कृ. पां. कुलकर्णी यांच्या संपादनाखाली याच मंडळाने प्रसिद्ध केला; तो पाहायला राजवाडे मात्र नव्हते.